कडू चॉकलेटचे सात महिने

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने बायकोसाठी रोज चॉकलेट आणावं, ही गोष्ट आमच्या ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत लपून राहण्यासारखी नव्हती. मी ती लपवलीही नाही. उलट चारचौघींत सांगत सुटले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते, आणि लाजेपेक्षा राग जास्त येतो.

आमचे हे तसे चॉकलेट आणणाऱ्यांतले नव्हेत. सरकारी खात्यात अधीक्षक. गजरा कधी आणला नाही, सिनेमाला कधी आपणहून नेलं नाही. एकदा माझ्या वाढदिवसाला कुकरची नवी शिटी आणली होती, ती पण जुनी बिघडली होती म्हणून. माणूस वाईट नाही. त्यांच्या लेखी प्रेम म्हणजे गॅसचा नंबर वेळेवर लावणं आणि थंडीत गीझर पाच मिनिटं आधी सुरू करून ठेवणं. मी त्यातच भागवून घेतलं होतं. त्यामुळे एका संध्याकाळी चहानंतर ते बशीत चॉकलेटच्या दोन काळ्या वड्या घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, तेव्हा मी चक्क लाजले. चोपन्न वर्षांची बाई!

आधीच सांगून टाकते. मला कॅन्सर होता. तो सगळ्यांना माहीत होता, मला सोडून.

त्या हिवाळ्यात माझं ऑपरेशन झालं होतं. पाळी जाऊन चार वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. पडाव भागातल्या एका नर्सिंग होममध्ये गर्भाशय काढून टाकलं. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "काय निघालं?" हे म्हणाले, "गाठी होत्या. साध्या. काढल्या, किस्सा खतम." नंतर तपासणीचा रिपोर्ट आला, तोही ह्यांनीच आणला. मी बघायला मागितला तर म्हणाले, ऑफिसात राहिला, मेडिकलच्या कागदांना जोडलाय. मी शाळेत गणित शिकवायची. पोरींनी उत्तर बरोबर आणलं तरी रीत दाखवल्याशिवाय मी मार्क देत नसे. पण नवऱ्याने सांगितलेलं कुठली बाई ताडून बघते?

आमच्याकडे वाईट गोष्टीचं नाव घेत नाहीत. रात्री सापाला लांबडं म्हणायचं, बांगडी फुटली तर वाढवली म्हणायचं. सासूबाई कॅन्सरला मोठं दुखणं म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून. माझ्या एका चुलत सासूबाईंना ते झालं, तर त्यांना घरात सगळे पित्त आहे असंच सांगत राहिले. मीही त्यांच्या उशाशी बसून म्हणाले आहे, "काकू, पित्त उतरलं की बरं वाटेल." तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. हे मी कबूल करते, कारण नाहीतर पुढचं सगळं सांगायचा मला अधिकार नाही.

तर चॉकलेट. पहिला पुडा पुण्याहून आला, कुरियरने. आमची एकुलती एक मुलगी तिथे नोकरीला आहे. "पोरीने पाठवलंय," हे म्हणाले, "ऑपरेशननंतरचा अशक्तपणा जातो म्हणे. रोज दोन वड्या." मी एक तोंडात टाकली आणि तोंड वाकडं झालं. चॉकलेट म्हणजे आम्हाला माहीत असलेलं गोड, दुधाचं, पोरांच्या वाढदिवसाला वाटायचं. हे पातेल्याला करपलेल्या दुधासारखं लागत होतं. "असंच असतं," हे म्हणाले. "कडू असतं तेच गुणाचं." आणि मी दुसरी वडी गिळेपर्यंत बशी धरून उभे राहिले.

त्या दिवसांत ग्वाल्हेरात गजकाचा, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, मोसम होता. समोरच्या घरातली बाई गजक घेऊन आली, ती मला काळी वडी चघळताना बघून म्हणाली, "दीदी, गजक छोड़कर ये क्या दवाई जैसी चीज़ खा रही हो?" मी ऐटीत म्हटलं, "आमच्या ह्यांनी आणलंय. रोज आणतात." तिचा नवरा ह्यांच्याच खात्यात, ह्यांच्याहून एक पायरी खाली. ती गजकाची थाळी ठेवून गेली.

पुण्याचा पुडा संपला, मग हे सिटी सेंटरच्या एका मोठ्या दुकानातून आणायला लागले. उन्हाळा आला तशी खरी कसरत सुरू झाली. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच कळेल. चॉकलेट दुकानातून स्कूटरवर घरी येईपर्यंत त्याचं सार होई. मग ह्यांनी जेवणाचा जुना थर्मास काढला, त्यात बर्फ भरला आणि त्यातून चॉकलेट आणायला लागले. त्या वर्षांत बिजली दिवसातून तीन-तीनदा जायची. बिजली गेली की हे पंख्याखालून उठत, फ्रीजमधून चॉकलेट काढत, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधत आणि पाण्याच्या माठात सोडत. घामाने निथळणारा साठीला आलेला माणूस माठात हात घालून माझं चॉकलेट वाचवतोय, हे बघून माझे डोळे भरून यायचे. वाटायचं, आपण ह्यांना ओळखलंच नाही. देव देतो पण उशिरा देतो.

म्हणून ते कारल्यासारखं चॉकलेट मी सात महिने खाल्लं. एकही दिवस चुकवला नाही.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मला वाचायचं व्यसन आहे. भेळेचा कागद, औषधाच्या बाटलीतली चिठ्ठी, ट्रकच्या मागे लिहिलेलं, काही सुटत नाही. आणि आमच्या वर्तमानपत्राला त्या काळात खिडक्या पडायला लागल्या. दुपारी मी शाळेतून येऊन पेपर उघडला की आरोग्याच्या पानावर चौकोनी भोक. विचारलं तर म्हणाले, "आमच्या वाटणीच्या बातम्या असतात, कापून ठेवतो." ते पटण्यासारखं होतं, कारण खात्यात वाटणीचाच धुमाकूळ चालला होता.

छत्तीसगड वेगळं झालं होतं, आणि राज्याबरोबर माणसांचीही वाटणी सुरू होती. कोण मध्य प्रदेशात राहणार, कोण रायपूरला जाणार, याच्या याद्या निघत. तात्पुरती यादी, सुधारित यादी, हरकती, पुन्हा यादी. माझे सासरे जुन्या दरबारच्या कचेरीत होते. संस्थान विलीन झालं, मग मध्य भारत झाला, मग तोही मोडून मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ते म्हणायचे, तीन वेळा आमचं राज्य बदललं आणि एकदाही कोणी आम्हाला विचारलं नाही. त्यांच्या मुलाच्या नशिबी चौथी वेळ आली. एका यादीत ह्यांचं नाव रायपूरला निघालं.

हे दोन दिवस धड जेवले नाहीत. मी समजूत घातली. म्हटलं, निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत, तुम्ही जा, मी सुट्टीत येईन, वेळ पडली तर शाळा सोडेन. हे म्हणाले, "पाहू. तू टेन्शन नको घेऊस." आणि त्या संध्याकाळी बशीत दोनाऐवजी तीन वड्या आल्या. मी मनात हिशेब मांडला, तो असा: माणूस दुरावणार म्हणून घाबरलाय, जाण्याआधी अठ्ठावीस वर्षांचं राहिलेलं प्रेम भरून काढतोय. गणिताची बाई आणि हा हिशेब!

महिन्याभराने हे संध्याकाळी घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "रायपूर कॅन्सल झालं." मी विचारलं, कसं काय? म्हणाले, "हरकत मान्य झाली." कसली हरकत, ते मी विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे. माझ्यासाठी हा माणूस भोपाळपर्यंत भांडला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच जाऊन सव्वा किलो पेढे आणले, देवापुढे ठेवले आणि डबा घेऊन गल्लीत वाटायला निघाले.

समोरच्या बाईकडे शेवटी गेले. दार तिनेच उघडलं. डोळे सुजलेले. आतल्या खोलीत पेटी उघडी होती आणि त्यात पुरुषाचे कपडे घड्या करून ठेवलेले. मी पेढा पुढे केला. तिने घेतला नाही.

"दीदी, आप मिठाई बाँट रही हैं?" ती म्हणाली. "आपके वाले रुक गए, अच्छी बात है. उनकी जगह हमारे वाले जा रहे हैं, आपको पता है ना?"

मला माहीत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, की नावं कशी निघतात देव जाणे.

"देव नहीं, दीदी. कागज़." तिचा आवाज चढला. "जिसके घर में कैंसर का सर्टिफिकेट था, वो रुक गया. हमारे घर में भगवान की दया से सब ठीक हैं, तो हमें जाना पड़ रहा है. बुरा मत मानना."

मी विचारलं, "किसका कैंसर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात तोंडावर गेला. "हाय राम," ती म्हणाली. "आपको भाईसाहब ने…" आणि ती मला हाताला धरून आत बसवायला लागली. मी बसले नाही. पेढ्यांचा डबा तिच्या ओट्यावर राहिला आणि मी रस्ता ओलांडून घरी आले. मध्ये जेमतेम दहा पावलं अंतर आहे. ती मी कशी चालले ते मला आठवत नाही.

हे व्हरांड्यात खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. बाजूला कात्री.

मी विचारलं, "मला काय झालंय?"

हे म्हणाले, "कोण बोललं तुला?"

मी काय झालंय विचारलं, ह्यांनी कोण बोललं विचारलं. तिथेच मला उत्तर मिळालं. मी जमिनीवर बसले आणि पुन्हा विचारलं. हे उठले, आत गेले आणि कपाटाच्या वरच्या खणातून एक नस्ती घेऊन आले. आमच्याकडे सरकारी फायलीला नस्ती म्हणतात. माझ्या नवऱ्याने माझ्या आजाराची नस्ती उघडली होती. पुठ्ठ्याचं कव्हर, दोरीचा टॅग, प्रत्येक पानाला लाल शाईत क्रमांक. डाव्या बाजूला रिपोर्ट, त्यावर तो शब्द इंग्रजीत, स्पष्ट. त्याखाली सर्जनबाईंची चिठ्ठी: रुग्णाला शेक (रेडिएशन) द्यायचा आहे, लवकरात लवकर कॅन्सर हॉस्पिटलला दाखवा. तारीख सात महिन्यांपूर्वीची. उजव्या बाजूला कात्रणं. डार्क चॉकलेट आणि कॅन्सर. कोकोमधले गुणकारी घटक. कडू चॉकलेट खा, रोग दूर ठेवा. पेपरच्या सगळ्या खिडक्या तिथे चिकटवलेल्या होत्या. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारलेल्या, आणि ह्यांच्या सुंदर अक्षरात समासात शेरा: "रोज दोन. रिकाम्या पोटी नको."

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हा शेक मला का नाही दिला?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तिथे बाहेर केवढा मोठा बोर्ड आहे. तू वाचला असतास."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी वाचते म्हणून. अडाणी असते तर मला हात धरून नेलं असतं, टॉनिकचं मशीन आहे म्हणून सांगितलं असतं आणि शेक दिला असता. पण ही बाई रस्त्यावर पडलेला कागद वाचते, हिला त्या दारातून आत कशी न्यायची? हॉस्पिटलच्या नावातच तो शब्द, चिठ्ठीवर तो शब्द, खिडकीवर तो शब्द. तेव्हा हॉस्पिटल राहू दे. चॉकलेटच्या कागदावर काही तसलं लिहिलेलं नसतं.

"नाव कळलं की माणूस खचतं," हे म्हणाले. "आपल्या काकूंना कोणीतरी सांगितलं आणि त्या आठ दिवसांत गेल्या. मला तुला घालवायचं नव्हतं. आणि इलाज बंद कुठे होता? चॉकलेट चालू होतं ना!"

हे बोलताना त्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि ते खोटं नव्हतं. त्यानेच मला जास्त चीड आली. खोटं रडणाऱ्याला तोंडावर बोलता येतं.

"आणि ऑफिसात?" मी विचारलं. "तिथे बरं तोंडातून नाव निघालं. मला सांगताना वाचा बसली, साहेबाला सांगताना नाही!"

"तोंडाने नाही सांगितलं," हे म्हणाले. "लिहून दिलं."

मला हसू आलं, खरंच आलं. ह्या माणसाच्या हिशेबी घरात उच्चारलेला शब्द माणूस मारतो, आणि कचेरीत सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेला तोच शब्द बदली थांबवतो. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. सर्जनबाईंकडून ताजा दाखला आणताना त्यांनी बाईंना सांगितलं होतं की शेक सुरू आहे. हेही त्यांनी मला त्याच बैठकीत सांगितलं. आता सगळंच सांगायचं ठरवल्यासारखं. मी म्हटलं, "माझ्या रोगावर तुम्ही माझा इलाज नाही केला, तुमची बदली थांबवली." हे नस्तीच्या टॅगची गाठ बांधायला लागले.

मी मुलीला फोन लावला. "तुला माहीत होतं?" ती रडायलाच लागली. "आई, पहिल्या दिवसापासून. बाबांनी शपथ घातली होती गं. मैं क्या करती? मी म्हटलं होतं शेक द्या, ते बोलले देणार आहे. मला वाटलं दिला. मग मी चॉकलेटचं वाचलं, तर म्हटलं तेवढं तरी मी पाठवू शकते ना." मी विचारलं, "मला एकदा विचारावंसं नाही वाटलं?" ती म्हणाली, "आप झेल नहीं पातीं." मी फोन ठेवला. तिच्या जन्माच्या वेळी तीस तास कळा दिल्या होत्या मी. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, झेपेल का म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज देऊन मी नस्ती घेऊन टेम्पोत, म्हणजे आमच्याकडच्या शेअर रिक्षात, बसले आणि एकटी त्या हॉस्पिटलला गेले. हे मागे मागे स्कूटर घेऊन येत होते, मला दिसत होतं. मी थांबले नाही. बोर्डापाशी उतरले आणि तो वरपासून खालपर्यंत वाचला, हिंदीत आणि इंग्रजीत. वाचून काही झालं नाही. खचले नाही, पडले नाही. ऊन होतं, म्हणून आत गेले.

खिडकीवरचा माणूस नस्ती बघून म्हणाला, "मरीज़ को साथ लाना पड़ेगा, माताजी." मी म्हटलं, "मरीज़ मैं ही हूँ." त्याने माझ्या मागे कोणी आहे का बघितलं. "और कोई नहीं आया साथ में?" मी म्हटलं, "नहीं."

बाकावर माझ्या शेजारी खेड्यातली एक म्हातारी होती, तिची सून कागद छातीशी धरून पलीकडे. म्हातारीने मला हळूच विचारलं, "बाई, यहाँ काहे का इलाज होत है?" सुनेने माझ्याकडे असे डोळे केले की मी ओळखले. सात महिने तेच डोळे माझ्या घरात होते आणि मला ते प्रेमाचे वाटले होते. मी म्हटलं, "डॉक्टर से पूछना, अम्मा. खुद पूछना." सुनेने म्हातारीला उठवलं आणि दुसऱ्या बाकावर नेऊन बसवलं.

डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाचा होता. कागद वाचले, तपासलं आणि विचारलं, "सात महीने कहाँ थीं आप?"

"घर पर," मी म्हटलं. "चॉकलेट खा रही थी."

त्याने पेन खाली ठेवलं. मी नस्तीची उजवी बाजू त्याच्यासमोर उघडली. त्याने दोन-तीन कात्रणं वाचली. हसला नाही, ह्याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे. त्याने नीट समजावलं. कोकोमध्ये काही चांगले घटक आहेत, काचेच्या नळीतल्या पेशींवर त्यांचे प्रयोग झालेत, रक्तवाहिन्यांना कदाचित थोडा फायदा होत असेल. पण त्याने माणसाचा कॅन्सर बरा होतो, असं कुणी दाखवलेलं नाही. इलाज चालू असताना तोंडाला चव नसते, वजन उतरतं, तेव्हा कुणाला आवडत असेल तर एखादा तुकडा खायला हरकत नाही, मन जरा बरं होतं. "आपको पसंद है?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नाही." चुकून मराठीतच म्हटलं. सात महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता.

पुढच्या तपासण्यांत निघालं की ऑपरेशनच्या जागी एक लहानसा डाग परत आला आहे. शेक द्यायचा, बाहेरूनही आणि आतूनही, आणि जास्त. मी विचारलं, सात महिन्यांपूर्वी दिला असता तर हा आला असता का? डॉक्टर म्हणाला, शक्यता कमी होती, पण नक्की सांगता येणार नाही. हे मला आयुष्यभर नक्की सांगता येणार नाही. मी ह्यांना पुरतं दोषीही धरू शकत नाही आणि पुरतं सोडूही शकत नाही. राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

शेक पुष्कळ आठवडे चालला. हे रोज यायचे, बाहेर बाकावर बसायचे. मी त्यांना आत येऊ दिलं नाही. जुलाब झाले, अंगातलं त्राण गेलं, आतली कातडी भाजल्यासारखी झाली. हे मऊ भात करायला शिकले. एका संध्याकाळी दबकत म्हणाले, "डॉक्टर म्हणाले ना, एखादा तुकडा चालतो म्हणून? आणू का?" मी म्हटलं, "मला ते कधीच आवडलं नाही. तुम्ही देत होतात म्हणून खात होते." ह्यांनी मान खाली घातली. संसारात सगळ्यांत वाईट बोलले असेन तर ते तेव्हा बोलले, आणि ते खरं होतं.

समोरची बाई नवऱ्याबरोबर रायपूरला गेली. जाण्याआधी माझा पेढ्यांचा डबा घासून, पुसून, त्यात साखर घालून परत दिला. रिकामा डबा परत देत नाहीत. मी तिला म्हटलं, "तुम्हीच एक खरं बोललात." ती म्हणाली, "मैं तो गुस्से में बोल गई थी, दीदी." म्हणजे तिनेसुद्धा माझ्यासाठी म्हणून नाही सांगितलं.

शेक संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. जिन्यावर उभं राहून पाकीट फोडलं आणि वाचलं. डाग नव्हता. पुन्हा वाचलं. मग पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि टेम्पोने घरी आले.

हे फाटकातच उभे होते. "काय आलं?"

"चांगला आहे," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "खरंच?"

"खरंच."

"मग कागद दाखव."

मला दाखवता आला असता. मी दाखवला नाही. चप्पल काढून आत गेले, चहा टाकला. त्या दिवशी त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा चांगला आहे म्हणून सांगितलं, आणि दर वेळी त्यांचा चेहरा आणखी उतरला. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेले नाहीत. माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात, अंगणात. "जे असेल ते सांग, मी ऐकून घेईन." मी म्हटलं, "सांगितलं ना." मला दया येत नव्हती असं नाही. येत होती, आणि तरी मी पर्स उघडली नाही. इतकी दुष्ट मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मागची बाजू उलटून पाहिली. तारीख पाहिली, नाव पाहिलं, शिक्का उजेडात धरला. मग माझ्यादेखत उठले आणि हॉस्पिटलला फोन लावून डॉक्टरांना विचारलं. बराच वेळ नुसतं "जी, जी" करत राहिले. रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळले.

"खरं आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मी तेच सांगत होते."